कर्णा आणि ध्वनिमुद्रक यांच्यामधलं लोखंड

भोर तालुक्यातल्या आमच्या गावी माघ महिन्यात अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात वर्षांपूर्वीच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन ज्या बुवांचं होतं, त्यांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. आसपासच्या पंचवीस गावांत त्यांचं कीर्तन ऐकल्याशिवाय सप्ताह उठत नसे, आणि तरीही त्यांचं एकही धड ध्वनिमुद्रण कुणाकडे नव्हतं. ते आपण करायचं असं मी ठरवलं होतं. दूरध्वनी खात्यात एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस. तारा, जोड, सोल्डर हे माझं रोजचं काम. दोन तारा जोडायच्या, त्यात अवघड ते काय, असं मला वाटलं.

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. मंडपातला मोठा अ‍ॅम्प्लिफायर निरुपयोगी झाला म्हणून साउंडवाल्या मुलाने ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी आणून तिच्यावर एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावला. माझ्या ध्वनिमुद्रकाची बॅटरीही उतरलेली, म्हणून मोटारीतला चार्जर लावून तो मी त्याच बॅटरीला जोडला. अ‍ॅम्प्लिफायरला ध्वनिमुद्रकासाठी वेगळी सोय नव्हती. मागे फक्त कर्ण्याच्या तारा अडकवायचे लाल आणि काळे खटके. मी घरून दोन रेझिस्टर लावून केबल तयार करून आणली होती. लाल तार लालला, काळी काळ्याला.

अकरा सेकंदं ध्वनिमुद्रण झालं. ते अजून माझ्याकडे आहे. बुवांचा अर्धा चरण, मग एक टक् असा आवाज, मग काही नाही. अ‍ॅम्प्लिफायरमधून धूर आला. बुवांनी एकदा कर्ण्याकडे पाहिलं, वीणेकऱ्याला मान डोलावून खूण केली आणि आवाज चढवून कीर्तन पुढे नेलं. मागे बसलेल्या बायांपर्यंत ते नीट पोचलं नाही. पुढच्या माघापर्यंत बुवा राहिले नाहीत.

माझं नेमकं काय चुकलं, हे शोधण्यात पुढचे काही महिने गेले. उत्तर सापडलं ते एका लोखंडाच्या तुकड्यात, आणि तो तुकडा मी नोकरीत रोज हाताळत आलो होतो. या लेखात त्याचीच हकिगत सांगायची आहे. सप्ताह, गणेशोत्सव, शाळेचं स्नेहसंमेलन, घरातला जुना टेपरेकॉर्डर. जिथे जिथे कर्ण्याकडे निघालेला आवाज ध्वनिमुद्रकात घ्यायचा असतो, तिथे ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आवाजाच्या दोन पातळ्या

तारेतून जाणारा आवाज म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज. पण एकच आवाज वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या ताकदीने वाहतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून कर्ण्याकडे जाणारी तार घ्या. कर्ण्याचा पडदा हलवून हवा ढकलायची असते, म्हणजे तिथे अंगमेहनतीचं काम असतं. कर्ण्याचा रोध ८ ओहम आणि अ‍ॅम्प्लिफायर १०० वॉटचा असेल, तर पूर्ण आवाजात त्या तारेवर २८ व्होल्ट असतात आणि साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो. याला स्पीकर पातळी म्हणतात.

ध्वनिमुद्रकाला हवा ढकलायची नसते. त्याला फक्त आवाजाचा चढउतार कळला की पुरे. त्याच्या लाइन इनपुटचा रोध १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो आणि त्याला साधारण एका व्होल्टच्या आसपासचा आवाज हवा असतो. ही झाली लाइन पातळी. तिथे वाहणारा प्रवाह मिलिअँपिअरचा आठवा भाग, जेमतेम तेवढाच. दोन्ही पातळ्यांमध्ये व्होल्टेजचा फरक तेवीस पटींचा आहे, पण प्रवाहाचा फरक जवळजवळ एकोणतीस हजार पटींचा. शेतकरी वाचकाला हे लगेच उमगेल: एक आहे मोटारीचा पाइप, दुसरा ठिबकचा ड्रिपर. पाणी तेच.

लाइन पातळीचा आकडा कुठून आला, हेही सांगण्यासारखं आहे, कारण तो माझ्याच खात्यातून आला. टेलिफोनच्या लांब तारांचा रोध ६०० ओहम धरून हिशेब करायची पद्धत होती. अशा ६०० ओहमच्या रोधात एक मिलिवॉट शक्ती खर्च करायला ०.७७५ व्होल्ट लागतात. हाच ध्वनितंत्राचा शून्य झाला. १९३९ साली अमेरिकेत बेल टेलिफोन प्रयोगशाळा आणि तिथल्या दोन मोठ्या रेडिओ कंपन्या, एनबीसी आणि सीबीएस, यांनी मिळून आवाज मोजायच्या काट्याचं, म्हणजे व्हीयू मीटरचं, प्रमाण ठरवलं. त्याचं शून्य या टेलिफोनी शून्याच्या चार डेसिबल वर बसलं. तो आकडा १.२३ व्होल्ट. स्टुडिओची यंत्रं आजही तो पाळतात. घरगुती यंत्रांसाठी त्याहून खालची पातळी रूढ झाली, ०.३१६ व्होल्ट. पुढे हे दोन आकडे पुन्हा लागणार आहेत.

हिशेब बरोबर, जोडणी चूक

मी केलेला हिशेब असा होता. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर फार तर आठ व्होल्टचा आवाज देईल. ५.६ किलोओहम आणि १ किलोओहम असे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे आणि लहान रेझिस्टरवरचा आवाज ध्वनिमुद्रकाला द्यायचा. आठ व्होल्टचे १.२ होतात. गणितात काहीही खोट नव्हती. व्होल्टेज उतरवायला दोन रेझिस्टर पुरतात. त्यांची किंमत चहाच्या कपापेक्षा कमी.

चूक काळ्या तारेत होती. काळा खटका म्हणजे जमीन, म्हणजे बॅटरीची वजा बाजू, असं मी धरून चाललो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा ते खरं असे. पण बारा व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरची एक अडचण असते. साध्या रचनेत आवाजाची लाट सहा व्होल्ट वर आणि सहा व्होल्ट खाली, एवढीच हलू शकते. त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला उत्तम परिस्थितीतही साडेचार वॉटच्या वर शक्ती मिळत नाही. म्हणून अशा यंत्रात एकाऐवजी दोन अ‍ॅम्प्लिफायर बसवतात आणि स्पीकर त्या दोघांच्या मध्ये टांगतात. एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो, जसं दळताना जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात लागतात. व्होल्टेज दुप्पट होतं आणि शक्ती चौपट, म्हणजे अठरा वॉटपर्यंत. या रचनेला ब्रिज म्हणतात. मोटारीतल्या बहुतेक स्टिरिओंमध्ये हीच असते.

ब्रिजमध्ये लाल आणि काळा हे दोन्ही खटके जिवंत असतात. दोन्हींवर सुमारे सहा व्होल्ट कायम उभे असतात आणि आवाजाबरोबर दोन्ही हलतात. जमीन त्यांतला एकही नसतो. माझ्या केबलची काळी तार ध्वनिमुद्रकाच्या जमिनीला, तिथून चार्जरच्या वजा बाजूला आणि तिथून त्याच बॅटरीच्या वजा बाजूला पोचली होती. म्हणजे अर्ध्या अ‍ॅम्प्लिफायरचं तोंड मी सरळ बॅटरीच्या वजा टोकाला बांधलं होतं. रेझिस्टर लाल तारेत होते, काळ्या तारेत काहीच नव्हतं. चांगल्या बनावटीच्या यंत्रात अशा वेळी आतलं संरक्षण जागं होऊन आवाज नुसता बंद पडतो. या यंत्रात ते नव्हतं.

हे समजल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली. जिथे काही जळत नाही, तिथेही हाच दोष दुसऱ्या रूपाने हजर असतो. मंडपात अ‍ॅम्प्लिफायर एका बोर्डावर आणि ध्वनिमुद्रणाचा लॅपटॉप दुसऱ्या बोर्डावर असतो. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतोच. केबलने ती दोन्ही यंत्रं जोडली की फरकामुळे केबलच्या जाळीतून प्रवाह फिरू लागतो आणि कीर्तनाच्या मागे पन्नास हर्ट्झची घुंई कायमची बसते. ती नंतर काढू म्हटलं तरी निघत नाही. काढायला गेलं की पखवाजाचा धुमही तिच्याबरोबर जातो.

तर प्रश्न केवळ आवाज लहान करण्याचा नव्हता. आवाज पलीकडे जावा, पण दोन यंत्रांचं तांबं एकमेकांना शिकू नये, शिवू नये, असं काही हवं होतं.

फॅरेडेचं कडं

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना तारेचे वेगवेगळे वेढे गुंडाळले. दोन्हींमध्ये तांब्याचा कुठेही संबंध नव्हता. एका बाजूला बॅटरी जोडताच दुसऱ्या बाजूच्या मापकाची सुई थरथरली आणि परत शून्यावर आली. बॅटरी काढली तेव्हा पुन्हा थरथरली. बॅटरी नुसती जोडून ठेवली की सुई ढिम्म. म्हणजे बदल तेवढा पलीकडे पोचतो. जे स्थिर आहे ते अलीकडेच राहतं.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे हेच कडं. वर्तमानपत्रं त्याला रोहित्र म्हणतात आणि गावात खांबावरच्या रोहित्राला सगळे डीपी म्हणतात. पहिल्या वेटोळ्यातला बदलता प्रवाह लोखंडात बदलतं चुंबकत्व निर्माण करतो आणि ते चुंबकत्व दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज उठवतं. फेरे जितके कमी तितकं व्होल्टेज कमी. पहिल्यात २२० फेरे आणि दुसऱ्यात १० असतील तर बावीसावा भाग मिळतो. आवाज हा मुळातच बदल, म्हणून तो या कड्यातून सुखरूप जातो. माझ्या बारा व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचे ते कायम उभे सहा व्होल्ट मात्र पलीकडे जाणार नाहीत. शिवाय ते दोन्ही खटक्यांवर सारखेच असल्याने वेटोळ्याच्या दोन टोकांमध्ये त्यांचा फरक शून्य, म्हणून अलीकडेही काही बिघडणार नाही.

ट्रान्सफॉर्मर म्हटलं की वीज मंडळ आठवतं. आज खांबावर दिसणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा व्यवहारात चालेल असा आराखडा बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या झिपेर्नोव्हस्की, ब्लाती आणि देरी या तीन इंजिनिअरांनी १८८५ साली दिला. पण माणसाचा आवाज या रचनेतून त्याआधीच जाऊ लागला होता. १८७० च्या दशकाच्या शेवटी एडिसनने टेलिफोनच्या कार्बन माइकला दोन वेटोळ्यांचं इंडक्शन कॉइल जोडलं. माइक आणि बॅटरी एका वेटोळ्यात, गावोगाव जाणारी लांब तार दुसऱ्यात. खांबावरच्या त्या आराखड्याआधीच ही रचना बोलण्यासाठी वापरली गेली.

आणि मी तर एक्स्चेंजमध्येच होतो. बाहेरगावची ट्रंक लाइन आत आली की ती आधी एका लहानशा ट्रान्सफॉर्मरवर उतरायची. बाहेरच्या तारेवर पावसाळ्यात काय वाट्टेल ते येई: शेजारच्या विजेच्या तारेची घुंई, ढगांचा कडकडाट. त्यातलं बरंचसं दोन्ही तारांवर सारखं येई. वेटोळ्याच्या दोन्ही टोकांवर सारखंच व्होल्टेज असेल तर त्यातून प्रवाह वाहत नाही, आणि प्रवाह नाही म्हणजे पलीकडे काही नाही. दोन तारांमधला फरक, म्हणजे माणसाचं बोलणं, तेवढं आत येई. असे ट्रान्सफॉर्मर मी शेकड्यांनी बदलले, त्यांची टोकं सोल्डर केली. ते तिथे का असतात याचा विचार करायची वेळ मात्र बुवांच्या कीर्तनानंतर आली.

कर्ण्याच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर

असा ट्रान्सफॉर्मर आणायचा कुठून? ध्वनितंत्रासाठी खास बनवलेले चांगले ट्रान्सफॉर्मर मिळतात. त्यांचा गाभा निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा असतो आणि किंमतही तशीच. मी आधी घरात पडलेला २३० व्होल्टचे ९ करणारा एक साधा ट्रान्सफॉर्मर लावून पाहिला. बोलणं ठीक आलं, टाळ मात्र गोणपाटातून ऐकल्यासारखे आले. तो ५० हर्ट्झच्या विजेसाठी गुंडाळलेला. टाळाची किणकिण हजारो हर्ट्झमध्ये असते. ते त्याचं काम नव्हे.

उत्तर देवळाच्या शिखराला बांधलेल्या कर्ण्यातच निघालं. ते कसं, हे कळायला मंडपवाल्यांची एक जुनी युक्ती समजून घ्यावी लागेल.

देवळापासून वेशीपर्यंत तीनशे मीटर तार ओढली असं समजू. पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर जाऊन-येऊन सहाशे मीटरचा रोध सुमारे १४ ओहम होतो. पुढे कर्णा ८ ओहमचा. म्हणजे वाटेचा रोध मुक्कामापेक्षा जास्त. १०० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेल्या आवाजापैकी वेशीवरच्या कर्ण्याला सुमारे १३ वॉट मिळतात. म्हणून सार्वजनिक ध्वनिक्षेपणात अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज ट्रान्सफॉर्मरने १०० व्होल्टपर्यंत चढवतात आणि प्रत्येक कर्ण्यात दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवून तो परत उतरवतात. व्होल्टेज जास्त म्हणून त्याच शक्तीसाठी प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणून तारेतली नासाडी कमी. त्याच तारेवर मग वेशीपर्यंत ७७ वॉट पोचतात. वीज मंडळ उच्च दाबाच्या तारा टाकतं, त्यामागेही हेच गणित आहे. रेल्वे फलाटापासून देवळापर्यंत ही १०० व्होल्टची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. अमेरिकेत तीच ७०.७ व्होल्टची असते.

कर्ण्यातल्या या उतरत्या ट्रान्सफॉर्मरला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर म्हणतात. त्याच्या १०० व्होल्टच्या बाजूला वेगवेगळ्या वॉटची टोकं काढलेली असतात. २.५ वॉटचं टोक घेऊ. शंभर व्होल्टवर अडीच वॉटच घ्यायचे, तर त्या बाजूचा रोध ४,००० ओहम दिसायला हवा. दुसऱ्या बाजूला स्पीकर ८ ओहमचा. ट्रान्सफॉर्मरमध्ये रोधाचं गुणोत्तर फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं असतं. ४,००० भागिले ८ म्हणजे ५००, आणि त्याचं वर्गमूळ २२.४. व्होल्टेज २२.४ पट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर झाला हा.

आता त्याच्या १०० व्होल्टच्या बाजूला आपल्या १०० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरचे २८ व्होल्ट द्या. पलीकडे किती? १.२५ व्होल्ट. स्टुडिओची लाइन पातळी १.२३! कागदावर हा आकडा उमटला तेव्हा मी पेन खाली ठेवून गणित दोनदा तपासलं. भंगारात पडलेल्या फुटक्या कर्ण्याच्या पोटात मला हवी तीच वस्तू होती.

फायदा एवढ्यावर थांबत नाही. लोखंडाला चुंबकत्व पेलायची मर्यादा असते. ती ओलांडली की गाभा तुंबतो आणि आवाज फाटतो. गाभ्यावरचा हा भार व्होल्टेज वाढलं की वाढतो आणि स्वर खाली गेला की तोही वाढतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरची कसोटी खर्जात लागते. कर्ण्याला खर्ज नकोच असतो, त्यामुळे त्यातला ट्रान्सफॉर्मर बेताच्या लोखंडाचा असतो. समजा तो १०० व्होल्टवर १०० हर्ट्झपर्यंतच टिकतो. पण आपण त्याला १०० नव्हे, २८ व्होल्ट देणार. मग तोच गाभा २८ हर्ट्झपर्यंत टिकेल. पखवाजाचा धुम त्यात आरामात बसतो.

डबी

मी केलेली डबी पत्र्याची आहे. गोळ्यांच्या जुन्या डब्यात बसते. आत लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर. त्याच्या ‘कॉमन’ आणि २.५ वॉटच्या टोकांना दोन तारा, पुढे मगरचिमटे. त्या कर्ण्याच्या तारांना समांतर लावायच्या. कर्णा काढायचा नाही, तो वाजत राहतो. ८ ओहमच्या बाजूला १ किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे रिकामं वेटोळं उंच स्वरात झणझणत नाही, आणि तिथून ध्वनिमुद्रकाकडे जाळीची केबल. अ‍ॅम्प्लिफायरला या डबीचा भार जवळजवळ जाणवत नाही. १ किलोओहमचा रेझिस्टर त्याला पाचशे पट मोठा, म्हणजे पाच लाख ओहमचा दिसतो.

चार गोष्टी अनुभवाने शिकलो, त्या सांगून ठेवतो.

पत्र्याचा डबा ध्वनिमुद्रकाच्या बाजूच्या जमिनीला जोडावा, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला कुठेही नाही. दोन्हीकडे जोडला की ट्रान्सफॉर्मर असून नसल्यासारखा.

डबी अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवू नये. त्याच्या आतल्या वीजेच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व आपल्या लोखंडात शिरतं आणि घुंई येते. कानाला हेडफोन लावून डबी हळूहळू फिरवावी. एका कोनात घुंई एकदम बसते. ती जागा सापडली की डबी तिथेच चिकटपट्टीने बांधून टाकावी.

अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती वेगळी असेल तर आकडा बदलतो. लहान यंत्रासाठी १० वॉटचं टोक घ्यावं; तिथे उतार फक्त ११.२ पट. आणि उलट, १०० व्होल्टच्या चालू लाइनवरच डबी लावायची झाली तर २.५ वॉटच्या टोकावरही पलीकडे साडेचार व्होल्ट येतात. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, ध्वनिमुद्रकाच्या बाजूला, दोन रेझिस्टर लागतील. रेझिस्टर वाईट नव्हेतच. त्यांच्याकडून आवाज लहान करायचं काम घ्यावं, तटबंदीचं काम घेऊ नये.

चौथी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. एसी-डीसी म्हणून विकल्या गेलेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत वीजेचा ट्रान्सफॉर्मरच नसे. त्याचा पत्र्याचा सांगाडा थेट घरच्या विजेच्या एका तारेला जोडलेला असे. प्लग उलटा बसला की सांगाड्यावर पूर्ण २३० व्होल्ट. अशा रेडिओला ही डबी लावून त्यावर विसंबू नये. तिच्या वेटोळ्यांमधलं आवरण आवाजासाठी आहे, विजेपासून जीव वाचवण्यासाठी नाही. तिथे आधी रेडिओलाच वेगळा मेन्स आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि ते काम जाणकारानेच करावं.

बत्तीस मिनिटं

डबी तयार झाल्यावर दुसऱ्या वर्षी सप्ताहाची सातही कीर्तनं स्वच्छ आली. साउंडवाल्या मुलाला त्याच्या जळलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे मी आधीच दिले होते. तरी डबी लावताना तो माझ्या हाताकडे बघत उभा राहायचा. “नाना, नक्की ना?” एवढंच विचारायचा. त्याचं बरोबरच होतं.

पुढे बुवांचे पुतणे पुण्याहून एक व्हॉल्व्हचा स्पूल टेपरेकॉर्डर आणि पाच इंची एक स्पूल घेऊन आले. काकांनी तरुणपणी कुणाच्या तरी माडीवर म्हटलेले अभंग त्यात असावेत, असं घरात बोललं जाई. यंत्र चालत होतं, पण त्याची लाइनची खोबण मोडलेली. उरली होती फक्त बाहेरच्या स्पीकरची. म्हणजे पुन्हा तेच: स्पीकर पातळी, आणि एक जुनं, कुठे काय जोडलंय ते न कळणारं यंत्र.

इथे एक नवी खाच होती. त्या खोबणीत पिन घातली की आतला स्पीकर तुटतो. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला त्याचं काही वाटत नाही, व्हॉल्व्हच्या यंत्राला वाटतं. व्हॉल्व्ह स्पीकरला थेट चालवू शकत नाही. मध्ये त्याचा स्वतःचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, हजारो ओहमचे चार-पाच ओहम करणारा. स्पीकरचा भार नसताना मोठा आवाज आला की त्या ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्यात व्होल्टेज बेफाम चढतं आणि आतलं आवरण फुटू शकतं. ते वेटोळं गेलं की यंत्र गेलं. म्हणून पिनेवर मी आधी ५ ओहमचा, ५ वॉटचा तारेचा रेझिस्टर लावला, तो स्पीकर आहे असं यंत्राला वाटावं म्हणून, आणि त्याला समांतर आपली डबी.

अशा यंत्रातून अडीच-एक वॉट निघतात. ५ ओहमवर ते साडेतीन व्होल्ट होतात. १० वॉटच्या टोकावर ११.२ ने भागले की ०.३१ व्होल्ट, म्हणजे घरगुती लाइन पातळी. या खेपेला मी पेन खाली ठेवलं नाही; कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरची आता सवय झाली होती.

आधी दुसऱ्याच एका, कुणाला नको असलेल्या स्पुलावर दोन दिवस सगळं तपासलं. पुतणे म्हणाले, “एवढं कशाला, लावा की.” त्यांना अकरा सेकंदांची गोष्ट ठाऊक नव्हती. जुनी फीत एकदाच नीट वाजेल असं धरून चालायचं असतं. मग सहाशे फूट फीत, सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने, बत्तीस मिनिटं वाजली. आम्ही दोघंही हललो नाही.

आवाज बुवांचाच होता, पण चाळिशीतला. चपळ, थोडा घाईचा, मधेच हसणारा. मी ओळखत होतो ते बुवा इतक्या घाईने म्हणत नसत. त्या सकाळी मंडपात जे होतं, कंप पावणारा, थांबून थांबून येणारा, कर्णा गेल्यावर चढलेला आवाज, ते या फितीत नाही आणि कुठेच नाही. ते मी घालवलं. बत्तीस मिनिटांनी त्याची भरपाई होत नाही, पण बुवांच्या नातवंडांनी आजोबांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, हेही खरं.

डबी आता साउंडवाल्याकडे असते. तो ती दर सप्ताहाला लावतो, कोन बघून चिकटपट्टीने बांधतो. झाकणावर त्याने स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: ‘काळं म्हणजे जमीन नाही.’